अण्णांच्या कृपेने

जिनिव्हाहून तार आली तेव्हा अण्णा टिपणीस खुर्चीत झोपले होते. यात विशेष काही नव्हतं. जेवण झालं की ते रोज झोपत, आणि त्या वेळी ऑफिसातला टाइपरायटरसुद्धा हळू वाजे.

टाइपरायटर वाजवणाऱ्या सबनीसबाईंनी, म्हणजे मृणालिनी सबनीसनी, तार उघडून वाचली आणि अण्णांना जाग येईपर्यंत हातात धरून ठेवली. अण्णांनी डोळे उघडले, चष्मा चढवला.

"काय म्हणतेय तार?"

"मुख्यालयातून हॅन्सेन म्हणून साहेब येतायत. आपलं अंतर्गत व्यवस्थापन आणि साहाय्यक सेवा बळकट करायला."

"असं का?" अण्णा म्हणाले आणि सुपारीचा डबा शोधू लागले.

विश्व साहाय्य संघ ही फार मोठी संस्था होती. जगात कुठे पूर आला, दुष्काळ पडला, लढाई झाली की संघ तिथे दुधाची पावडर आणि कांबळी पाठवी. संघाचं मुंबईचं कोठार मुलुंडला होतं, पाच रस्ता चौकापासून जवळ, भाड्याच्या एका बंगलीत. बाजूला पत्र्याची शेड होती, तेच गोदाम. जगाच्या दुःखाचा मुलुंड-भांडुपकडचा भाग या शेडमधून निवारला जाई आणि ते निवारणारी माणसं चार होती. त्यातले कामाचे तीन.

सबनीसबाई पत्रं लिहीत, परवाने मिळवत, गोदीतल्या साहेबांशी फोनवर भांडत. गुणाजी गोदाम सांभाळी. तो मालवणकडचा, आधी गिरणीत होता, कापसाच्या धुळीने छाती धरली तेव्हा इकडे आला. दत्ताराम ट्रक चालवी आणि तो ट्रक इतका जुना होता, की चालवण्यापेक्षा मनधरणी जास्त करावी लागे. चौथे अण्णा, म्हणजे साहेब. अण्णांचं काम सही करणं, सुपारी कातरणं आणि कोणी काही सांगितलं की "असं का?" म्हणणं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पण हा नागोबा कधी कोणाला डसला नव्हता, कोणावर फुत्कारलासुद्धा नव्हता. त्यामुळे बिळातल्या मंडळींना त्याचं ओझं वाटत नसे.

हॅन्सेनसाहेब आले. उंच, लालबुंद, अर्ध्या चड्डीत. आल्या दिवशीच त्यांनी भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि त्यावर चौकोन काढायला घेतले. प्रत्येक माणसाचा एक चौकोन आणि कोण कोणाला काम सांगतो त्याची रेघ. हे उंटावरून शेळ्या हाकणं होतं हे खरं, पण माणूस मनाने वाईट नव्हता. त्याला फक्त असं वाटे, की विचारलं की माणसं सांगतात.

त्याने एकेकाला आत बोलावून विचारायला सुरुवात केली. मराठीचं इंग्रजी करायला सबनीसबाई होत्या. अण्णांना बाहेर बसवलं होतं, पण मधलं लाकडी पार्टिशन छतापर्यंत पोचत नव्हतं. त्यामुळे सुपारी कातरता कातरता त्यांना सगळं ऐकू येत होतं.

पहिला गुणाजी.

"या गोदामाची व्यवस्था कोण बघतं?" हॅन्सेननी विचारलं.

"अण्णा," गुणाजी म्हणाला.

"माल कुठे ठेवायचा, आधी कुठला बाहेर काढायचा, हे कोण ठरवतं?"

"ता सगळा अण्णांच्या कृपेन चलता, सायबानू. आमी काय, निमित्ताक."

"चावी कोणाकडे असते?"

"चावी अण्णांची. माज्या कनवटीक असता, इतक्याच."

बाईंनी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बाई त्या. भाषांतरात काडीचीही लबाडी त्यांना खपत नसे. चावी अण्णांची, असं साहेबांनी लिहून घेतलं.

मग दत्ताराम. "ट्रक बंद पडला तर? वाट लागली ना साहेब, भर रस्त्यात! पण अण्णांचं नाव घेतो, हँडल मारतो, झकास चालू होतो." साहेबांनी चौकोनातून अजून एक रेघ अण्णांकडे ओढली. शेवटी सबनीसबाईंची पाळी. त्यांना दुभाष्याची गरज नव्हती आणि त्यांनी सरळ चोख इंग्रजीत सांगितलं, की आपण जे काही करतो ते अण्णांच्या मार्गदर्शनाखाली.

आता यात कोणी खोटं बोललं असं म्हणायला जीभ रेटत नाही. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा नवा. वडीलधारा बाहेर बसलेला असताना स्वतःचं नाव पुढे करायचं म्हणजे त्याच्या आधी पाटावर बसून जेवायला सुरुवात करण्यासारखं. आणि शिवाय दृष्ट लागते ती वेगळीच. तिघांनीही घरी बापाचं, देवळात देवाचं आणि ऑफिसात अण्णांचं नाव घ्यायचं हे लहानपणापासून गिरवलेलं होतं. अण्णांनी स्वतः तरी काय केलं? साहेबांनी विचारलं, "तुमच्या वर कोण?" तर अण्णांनी सवयीने छताकडे बोट केलं. साहेबांनी छताकडे पाहिलं, मग एक रिकामा चौकोन काढला आणि त्यात प्रश्नचिन्ह घातलं.

शनिवारी साहेबांनी चौघांना कागदासमोर उभं केलं. मधोमध अण्णांचा चौकोन होता, ताटाएवढा. बाकीच्यांच्या सगळ्या रेघा त्याच्यात येऊन बुडत होत्या.

"मी तीस देशांतली कोठारं पाहिली," हॅन्सेन म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. "एक माणूस गोदाम, वाहतूक आणि पत्रव्यवहार एकटा सांभाळतो असं कुठे पाहिलं नाही. मिस्टर टिपणीस, मी मुख्यालयाला कळवलंय. तुम्हाला दिल्लीला विभागीय संचालक करायचं. आशियातली सगळी कोठारं तुम्ही मुलुंड पद्धतीने चालवायला शिकवायची."

"असं का?" अण्णा म्हणाले. कान लाल झाले होते.

"आणि या तिघांच्या जागा," साहेब तेवढ्याच आनंदाने पुढे म्हणाले, "त्यांची गरज नाही हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलंय. महिनाअखेरीपासून त्या बंद. तो पैसा दुधाला जाईल."

सबनीसबाईंनी हेही शब्दाला शब्द ठेवून मराठीत सांगितलं. सांगून झाल्यावर त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दोन भावांचं शिक्षण त्यांच्या पगारावर होतं. दत्तारामचं लग्न दिवाळीनंतर व्हायचं होतं, कुर्ल्याची खोलीसुद्धा ठरली होती. आणि गुणाजीला त्या छातीनिशी परत गिरणीत कोण घेणार होतं?

नवल म्हणजे तिघांपैकी कोणी अण्णांकडे रागाने पाहिलं नाही. दत्ताराम तर म्हणाला, "अभिनंदन, अण्णा." गुणाजी वाकून पाया पडला. तेच अण्णांना सोसवलं नाही.

घरी गेले तर दारात चपलांचा ढीग. बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती आणि त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाई इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांत पेढे वाटून वर कॉफी करत होत्या.

"दिल्लीला थंडी फार असते म्हणे," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी लोकरीचा कोट शिवायला टाकायला हवा."

अण्णा जेवले नाहीत. बायको माहेरी असतानाही दोन वेळा जेवणारा माणूस जेवला नाही, म्हणून सुलक्षणाबाई ताट सारून समोर येऊन बसल्या.

"काय झालं?"

"मी ऑफिसात काय करतो, तुला माहीत आहे का गं?"

"इश्श, मला काय माहीत? साहेब आहात ना?"

"मी झोपतो," अण्णा म्हणाले. "आणि मी झोपतो म्हणून ती तिघं चोरपावलांनी चालतात. आता त्यांच्या पोटावर पाय आलाय आणि तो माझा आहे."

सुलक्षणाबाईंनी पेढ्यांच्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पण पेढे वाटून झालेत हो."

सोमवारी सकाळी अण्णा साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. रात्रभर इंग्रजी वाक्य घोकलं होतं. "साहेब, मी काहीही करत नाही," त्यांनी सांगितलं. "सगळं हे तिघं करतात. मी फक्त बसतो."

हॅन्सेनच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मला याची सूचना मिळाली होती," ते म्हणाले. "तुमच्या देशात माणूस जितका मोठा, तितका तो म्हणतो मी काही नाही." आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'विलक्षण नम्र.'

अण्णांनी पुन्हा सांगितलं. साहेबांनी 'विलक्षण'खाली रेघ मारली. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, तसली गत. फक्त इथे गाढव चड्डीत होतं आणि त्याच्या हातात तिघांचं अन्न होतं. अण्णांना आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसात राग आला.

"मग उद्या बघा," ते म्हणाले. "उद्या हे तिघं येणार नाहीत. मी एकटा काम करतो. तुम्ही त्या कोपऱ्यात बसून बघा."

साहेबांना अत्यानंद झाला. मुलुंड पद्धत डोळ्यांनी बघायला मिळणार म्हणून त्यांनी नवी पेन्सिल काढली.

संध्याकाळी अण्णांनी तिघांना बाजूला घेतलं. "उद्या कोणी यायचं नाही. आणि हे बघा, काही तयार करूनसुद्धा ठेवायचं नाही. मी उद्या तोंडावर पडणार आहे. नीट पडू द्या मला."

"पण अण्णा, साहेबासमोर तुमची अब्रू," दत्ताराम म्हणाला.

"माझी अब्रू राहिली तर तुमची नोकरी जाईल. कळलं?"

तिघांनी माना हलवल्या.

मंगळवारी सकाळी अण्णा ऑफिसात शिरले आणि कपाळाला हात लावला. टेबलावर दिवसाची सगळी पत्रं टाइप करून, सहीच्या जागी खूण घालून ठेवलेली. शेडच्या दाराशी भांडुपच्या शाळेची दुधाची पोती एका बाजूला, मुलुंडच्या निर्वासित वसाहतीची कांबळी दुसऱ्या बाजूला, वर चिठ्ठ्या. रस्त्याकडे तोंड करून ट्रक उभा आणि स्टिअरिंगपाशी दत्तारामचा चुलतभाऊ.

आपल्यावर इतकं प्रेम करणारी माणसं आपण कमावली कशी, हे अण्णांना कळेना. वर्षानुवर्षं तर ते झोपलेच होते.

मग त्यांनी डोळे पुसले आणि कामाला लागले. पत्रं कोटाच्या खिशात कोंबली. चुलतभावाला हाकलून दिलं. नाक्यावरचे दोन हमाल आणून सगळी पोती आणि गाठोडी परत शेडच्या आत टाकायला लावली आणि चिठ्ठ्या फाडल्या. एवढ्यात साहेब आले. लावलेला माल आत जाताना पाहून ते जरा गोंधळले, पण 'पद्धतीचा पहिला टप्पा' असं काहीतरी लिहून कोपऱ्यात बसले.

त्यानंतर अण्णांनी जे केलं त्यात एक धागाही ढोंगाचा नव्हता. त्यांनी मनापासून काम केलं, आणि तेच महाग पडलं. शेडमधल्या दुधाच्या कोठीला रस्त्याकडून वेगळं दार होतं, त्याला कुलूप होतं, आणि गुणाजीकडून घेतलेला चाव्यांचा जुडगा हातात धरून ते नवरदेवासारखे उभे राहिले. समोरच्या उडुप्याच्या हॉटेलात बाकावर तिघंही बसली होती. घरी बसवलंच नव्हतं त्यांना. गुणाजीला राहवेना.

"अण्णाऽऽ! मोठी चावी! डाव्या अंगाक फिरवा!"

"गप्प बस!" अण्णा रस्त्याच्या अलीकडूनच ओरडले. "मला येत नाही! येणारही नाही! तू चहा पी!"

दत्तारामने गुणाजीच्या तोंडावर हात ठेवला. सबनीसबाईंनी दोन्ही हात मांडीखाली घेतले, कारण बोटं आपोआप टाइप करत होती.

अण्णांनी चुकीच्या चाव्या सगळ्या लावून पाहिल्या. दार शेवटी त्यांनी खांद्याने उघडलं. आत पोती एकावर एक, आणि बरोबर खालचं ओढायची त्यांना बुद्धी झाली. वरचं फुटलं. दुधाच्या पावडरीचा असा लोट उठला, की साहेबसुद्धा शिंकत उठले. अण्णा बाहेर आले ते पिठाच्या गिरणीवाल्यासारखे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, चष्म्यातून काही दिसेना. ट्रक चालवायला कोणी नव्हतं, म्हणून तशातच त्यांनी हातगाडीवाले बोलावून माल लावून दिला. फोन वाजला तो धरला, उलटा. सरळ केला तर काही ऐकू येईना. पत्र टाइप करायला बसले, एका बोटाने, आणि कागद घालायचाच राहिल्याचं कळलं तेव्हा अर्धं पत्र टाइपरायटरच्या रुळावर छापून झालं होतं.

दुपारी भांडुपच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. अनुपमाबाई म्हणून होत्या, आवाजाने वर्ग गप्प करणाऱ्या.

"टिपणीस, मुलं वाट्या घेऊन बसलीत आणि तुम्ही कांबळी पाठवलीत. मी काय कांबळी विरघळवून पाजू?"

"असं का?" अण्णा म्हणाले. "मग दूध वसाहतीत गेलं असेल बाई."

वसाहतीतूनही माणूस आला. तिथल्या बायकांनी पोतं उघडलं होतं आणि ते थंडीत पांघरायचं कसं हे विचारायला त्याला पाठवलं होतं. हॅन्सेनसाहेबांची पेन्सिल केव्हाच थांबली होती. ते नुसते बघत होते. कामात गढलेला माणूस कामाची अशी दैना करू शकतो हे त्यांच्या शास्त्रात नव्हतं.

अण्णा त्यांच्यापुढे आले. घामाने पावडरीचा लगदा होऊन गालांवरून ओघळत होता.

"आता पटलं का?" ते म्हणाले. "की अजून नम्र वाटतोय?"

साहेब उठले, भिंतीपाशी गेले आणि ताटाएवढा चौकोन खोडून टाकला. त्या जागी त्यांनी तीन चौकोन काढले, सारखे. दिल्ली गेली, हे सांगायला नकोच. पण अण्णांचा चौकोनच उरला नव्हता.

"तुमच्या जागेची गरज दिसत नाही, मिस्टर टिपणीस," हॅन्सेन हळू आवाजात म्हणाले. "मला वाईट वाटतं."

अण्णांना हे अपेक्षित होतं. तरी दिल्लीचा कोट, इमारतीतले पेढे, सुलक्षणाबाईंचा चेहरा, सगळं एकदम समोर आलं. रोजची ती खुर्चीही आठवली. निवृत्तीला दोन वर्षं होती आणि ती दोन वर्षं नीट झोपून काढायचा त्यांचा बेत होता.

"चालेल," ते म्हणाले. "कुठे सही करू?"

साहेबांनी समोरून तिघांना बोलावून घेतलं. त्यांना आता कोणावरही विश्वास ठेवायचा नव्हता. नव्या चौकोनांकडे बोट करून त्यांनी गुणाजीला विचारलं, "शेवटचं विचारतो. खरं सांग. हे गोदाम कोण चालवतं?"

सबनीसबाईंनी विचारलं. गुणाजीने आधी साहेबांकडे पाहिलं, मग अण्णांकडे. पांढरेफटक, भिजलेले, हातात टोपी घेऊन एका बाजूला उभे राहिलेले अण्णा. त्याचे डोळे भरून आले.

"सगळा अण्णांच्या कृपेन चलता, सायबानू," तो म्हणाला. "आज तर जास्तच."

दत्तारामने कपाळ बडवून घेतलं. साहेब पेन्सिल उचलून बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

मिशनच्या शाळेत शिकलेल्या मृणालिनी सबनीसनी पदर सारखा केला.

"तो म्हणतो, गोदाम मी चालवतो," त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. "ट्रक दत्ताराम चालवतो आणि पत्रव्यवहार मी बघते. असं तो म्हणतो."

साहेबांनी तिन्ही चौकोनांत नावं लिहिली. अण्णांना इंग्रजी कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या एका कोरड्या कोपऱ्याने पुसला आणि बाईंकडे पाहिलं.

"असं का?" ते म्हणाले.